दळणारीला कोणी विचारले?

वार्षिक अंकासाठी लेख मागविल्याची सूचना फलकावर लागली, तेव्हा वर्गात विषयांची चढाओढ सुरू झाली. कुणी पाणीप्रश्न घेतला, कुणी बेकारी, कुणी लोकशाहीचे भवितव्य. मी म्हटले, "मी दळण्याच्या यंत्रावर लिहिणार." एका वर्गबंधूने लगेच विचारले, "अंकात पाककृतीचे सदर सुरू झाले काय?" सगळे हसले, मीही हसले. पण रात्री वसतिगृहात विचार करू लागले तेव्हा वाटले, की ज्या कामात आपल्या आया-आज्यांच्या आयुष्यातील रोजचे दोन-तीन तास गेले, ते काम निबंधाचा विषय होऊ शकत नाही असे आपण कधी आणि का ठरविले? हा लेख त्या वर्गबंधूला दिलेले उत्तर आहे. राग नाही. उलट त्याचे आभारच मानते.

सुरुवात कॉफीपासून करते.

मी माणदेशातली, सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याची. आमच्याकडे चहा हेच पेय. कॉफी प्यायची ती उपासाला, नाही तर ताप आल्यावर, आणि तीही जायफळ घालून. शिकायला सांगलीला आले आणि दर रविवारी एका वृद्ध काकूंकडे जाऊ लागले. त्यांना आता डोळ्यांनी नीट दिसत नाही. मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखविते आणि त्या मला कॉफी पाजतात. काकूंचे माहेर धारवाडचे. त्यामुळे त्यांची कॉफी म्हणजे बिया भाजलेल्या, त्याच दिवशी दळलेल्या आणि दोन मजली फिल्टरमधून थेंब थेंब उतरलेल्या. चिकमगळूरच्या डोंगरात सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी अरबस्तानातून सात बिया आणून लावल्या, अशी परंपरेची कथा मी त्यांच्याच तोंडून प्रथम ऐकली. आपल्या महाराष्ट्रातही विदर्भात चिखलदऱ्याला कॉफी होते, हेही त्यांनीच सांगितले.

काकूंकडे कॉफी दळायचे एक हातयंत्र आहे. लाकडी पेटी, वर लोखंडी वाटी, फिरवायला दांडा आणि खाली पूड पडायला एक छोटा खण. पहिल्यांदा त्यांनी ते माझ्या हाती दिले. मी दांडा दोनदा फिरविला आणि ओरडलेच, "काकू, हे तर जातं आहे!"

खरोखर ते जातेच आहे. आमच्या घरच्या जात्यात खालची तळी स्थिर, तिच्या मधोमध मेख आणि त्या मेखेवर फिरणारी वरची तळी. काकूंच्या यंत्रात दोन दातेरी लोखंडी चकत्या, एक स्थिर आणि एक फिरती. दोन्हीकडे तत्त्व एकच : दाणा दोहोंमधल्या फटीत सापडतो आणि त्या फटीतून निसटण्याइतका बारीक होईपर्यंत त्याची सुटका नाही. म्हणून पूड सारखी पडते. फट कमी-जास्त केली की पीठ बारीक किंवा जाडसर. काकू त्यासाठी एक मळसूत्र फिरवितात. माझी आजी डाळ भरडताना मेखेभोवती चिंधी गुंडाळायची, म्हणजे वरची तळी केसभर उचलली जायची. धारवाडची कॉफी आणि माणदेशचे हुलगे यांच्यात एका चिंधीचे अंतर आहे, हे मला त्या दिवशी कळले.

पुढची हकीकत महत्त्वाची. काकूंचा मुलगा पुण्याला असतो. आईला या वयात दांडा फिरवावा लागू नये, म्हणून त्याने एक विजेचे यंत्र पाठविले. चकचकीत, छोटे आणि कळ दाबली की अर्ध्या मिनिटात काम फत्ते. आम्ही दोघींनी त्यात बिया घातल्या. झाकण उघडले तर निम्मी धूळ आणि निम्म्या कण्या. त्या यंत्रात चकत्या नव्हत्या, फिरते पाते होते. पात्याखाली जे सापडते ते पुन्हा पुन्हा कापले जाते आणि जे वर उडते ते तसेच राहते. वेगाने फिरण्यामुळे पूड गरमही होते. ती पूड फिल्टरमध्ये घातली. धुळीने भोके बुजली, आणि जे पाणी उतरले ते कडू आणि तरी पातळ.

यंत्र वाईट होते असे मी म्हणत नाही. आज काकू त्यातच शेंगदाण्याचे कूट करतात आणि ते झकास होते. यंत्र चांगले होते, पण त्याला सांगितलेले काम त्याचे नव्हते. आणखी एक गोष्ट मुलाच्या लक्षात आली नव्हती. काकूंना दिसत नाही. त्या हातयंत्रावर दळतात ते कानाने आणि मनगटाने. दांडा हलका झाला की दाणे संपले, आवाज बदलला की फट बदलली, हे त्यांना न बघता कळते. विजेच्या यंत्राच्या घरघरीत त्यांना काहीच कळेना. काकू एवढेच म्हणाल्या, "त्याने प्रेमानं पाठवलं गं. पण एक फोन करून विचारायचं होतं."

मी मनात म्हटले, शिकलेली माणसे अशी कशी वागतात? आणि दोनच महिन्यांनी मीच तशी वागले.

दिवाळीच्या सुटीत मी गावी गेले, ती 'कमवा आणि शिका' योजनेतून साठविलेले साडेतीन हजार रुपये घेऊन. आबांनी दोन कोकरे विकली होती. घरात पहिल्यांदाच काही वस्तू घ्यायचा विचार चालला होता. भाऊ म्हणाला, "घरघंटी घेऊ." सांगलीच्या आत्याकडे ती आहे, फ्रिजच्या शेजारी, वर विणलेले झाकण घातलेली. किंमत पंधरा हजारांच्या पुढे. पण उरलेले हप्त्याने देऊ, असे ठरले. माझा होकार सर्वांत मोठा होता. आईला डोक्यावर डबा घेऊन अर्धा मैल गिरणीवर जावे लागते, तेथे कधी वीज नाही, कधी रांग. कोयनेचे धरण आमच्याच जिल्ह्यात आहे, तरी आमच्या गिरणीवर 'लाईट आली का' हाच पहिला प्रश्न असतो. आईची यातून सुटका करायची, या विचाराने मी भारावून गेले होते.

त्यात आमच्या लोकसाहित्याच्या अभ्यासाची भर पडलेली. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन' मध्ये जमविलेल्या ओव्या वाचल्या होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्याचे वाचले होते. वर्गातल्या चर्चासत्रात मी 'जाते : स्त्रीच्या मुक्त अभिव्यक्तीचे पीठ' असे भारदस्त नाव देऊन निबंधही वाचला होता. तो आईला वाचून दाखविला. ती भाकरी थापता थापता ऐकत होती. शेवटी म्हणाली, "गाणं हुतं म्हणून दळाण सरायचं, बाय. दळाण ग्वाड हुतं म्हणून गाणं नव्हतं."

माझ्या आठ पानी निबंधात हे वाक्य नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दहिवडीला एका दुकानात गेलो. दुकानदार घरघंटीचे गुण सांगू लागला. आईने विचारले, "ह्यात दगड हाय का?" दुकानदाराने उत्तर भावाकडे पाहून दिले, "नाही, पोलादी पाती आहेत. दाणा फुटतो आणि जाळीतून पीठ खाली येतं." आईने विचारले, "भरडायचं झालं तर?" तो पुन्हा भावाला म्हणाला, "जाळी बदलायची." आईने विचारले, "जाळी फाटली तर हितं मिळती का?" दुकानदार थोडा घुटमळला आणि आता माझ्याकडे पाहून म्हणाला, "मागवून देऊ." आईने तीन प्रश्न विचारले आणि तिन्ही उत्तरे दुसऱ्यालाच मिळाली. भाऊ तिच्या कानाशी लागला, "आई, तुला यंत्रातलं काय कळतंय? आमाला बघू दे."

हे ऐकताच मला म्हसवड आठवले. आमच्याच तालुक्यात १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. तिच्या परवान्याचा पहिला अर्ज नामंजूर झाला होता, कारण प्रवर्तक बायकांमध्ये अंगठा लावणाऱ्या होत्या. पुढे त्याच बायकांनी अधिकाऱ्यांपुढे जाऊन व्याजाचे हिशेब तोंडी करून दाखविण्याची तयारी दाखविली आणि परवाना मिळविला. या गोष्टीचा अभिमान मी सांगलीत दहा जणींना सांगितला आहे. आणि येथे, त्याच तालुक्यातल्या दुकानात, मी गप्प उभी होते. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, म्हणून काय घ्यावे हे मला जास्त कळते, असे मीही धरूनच चालले होते.

शेवटी मी विचारले, "आई, तुला काय पायजे?"

ती म्हणाली, "मला घरघंटी नगं. पिठाचं मला जड न्हाई. दळाण घिऊन जाती तवा चार बायका भेटत्यात, कुणाची ल्येक आली, कुणाच्या घरात दुखणं हाय, समदं कळतं. घरात पीठ पडाय लागलं तर मी बाहीर कशाला पडू? मला पाटा सोसंना. पाटा धड हाय, मनगाट मोडलंय."

रोज दोन वेळचे वाटण, मिरची, लसूण, खोबरे, कारळे. वीस वर्षे वरवंटा ओढून तिचे उजवे मनगट रात्री ठणकते, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हते. मला डोक्यावरचा डबा दिसला होता, कारण तो रस्त्यावरून जाताना दिसतो. मनगट दिसले नव्हते, कारण ते चुलीपुढे असते.

आम्ही साडेतीन हजारांचा मिक्सर घेतला. सातशे पन्नास वॅटचा, आयएसआय खुणेचा, तीन भांड्यांचा. उरलेल्या पैशांतून थोडे जात्याला टाकी लावायला गेले. त्याची तळी गुळगुळीत झाली होती आणि भरडा नीट पडत नव्हता. बाकीचे आबांनी शेळीसाठी ठेवले.

या दोन अनुभवांवरून माझे मत बनले आहे ते असे. घरी दळायचे यंत्र घेताना आपण विचारतो, "चांगले कोणते?" हा प्रश्नच अपुरा आहे. जाते, पाटा, डंका, मिक्सर, घरघंटी आणि काकूंचे हातयंत्र यांत उतरंड नाही. प्रत्येकाचे काम वेगळे आहे. डंका कुटतो. म्हणून आमच्या सातारा-सांगलीकडे वर्षाची कांदा-लसूण चटणी उन्हाळ्यात डंकावरच नेतात. जाते घासते, म्हणून पीठ आणि भरडा सारखा येतो. पाते कापते, म्हणून ओले वाटण आणि कूट त्याने लवकर होते. तेव्हा पहिला प्रश्न, काय दळायचे?

दुसरा प्रश्न, एका वेळी किती आणि किती दिवसांसाठी? बाजरीत इतर धान्यांच्या मानाने तेल अधिक. ती दळली की ते तेल हवेला उघडे पडते आणि आठवड्याभरात पीठ कडवट लागते. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना कडा फुटतात. भाजलेली कॉफी बियांच्या रूपात काही आठवडे वास धरते, पूड केली की थोड्याच दिवसांत तो उडतो. अशा जिनसा थोड्या थोड्या आणि ताज्या दळायला हव्यात. वर्षाची हळद मात्र एकदाच दळून आणली तरी चालते. सांगलीला हळदीची एवढी मोठी पेठ आहे, म्हणून प्रत्येक घरात हळद दळायचे यंत्र हवे, असे कुणी म्हणत नाही.

तिसरा प्रश्न, वीज गेली तर काय, आणि मोडले तर कोण दुरुस्त करील? आमच्या घरात पाटा अजून भिंतीला टेकून उभा आहे आणि तो तसाच राहणार.

चौथा आणि सर्वांत मोठा प्रश्न, दळणार कोण? आणि त्या माणसाला विचारले आहे का?

सांगली जिल्ह्याला यंत्रे नवी नाहीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली आणि तेथून कडबा कापायची यंत्रे व लोखंडी नांगर बाहेर पडले. लोखंडाने जमिनीत विष पसरेल, अशी भीती त्या वेळी शेतकऱ्यांना वाटे. नांगर खपेपर्यंत लक्ष्मणरावांना धीर धरावा लागला, कारण नांगर हाती धरणाऱ्याचे मन वळविल्याशिवाय गत्यंतर नव्हते. विकत घेणारा आणि वापरणारा एकच होता. स्वयंपाकघरात तसे होत नाही. पैसा देतो एक, राबते दुसरी. म्हणून तेथे वापरणारीला न विचारताही यंत्र खपते. भारतीय मिक्सरची गोष्ट याला थोडा अपवाद आहे. १९६० च्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याने 'सुमीत' मिक्सर बनविला तो पत्नीची अडचण पाहून. परदेशी मिक्सर आपल्या वाटणापुढे टिकत नव्हता, त्याची मोटर जळत होती. चुलीपुढची अडचण कुणीतरी ऐकून घेतली आणि त्यातून घरोघरी लागणारी वस्तू निघाली. मात्र नांगरापासून मिक्सरपर्यंत यायला मध्ये पन्नास वर्षे गेली, हेही ध्यानात ठेवू या.

माझ्या मतावर आक्षेप येतील. कुणी म्हणेल, मग घरघंटी वाईटच का? मुळीच नाही. आमच्याच आळीत एक वहिनी आहे. तान्हे मूल आणि अंथरुणावर सासू, गिरणीवर जायला तिला घडीची उसंत नाही. तिने मागितली तर तिच्यासाठी घरघंटीच योग्य. दुसरे कुणी म्हणेल, गिरणीवर गप्पा मारायला मिळतात म्हणून बाईने डोक्यावर ओझे वाहावे काय? हा आक्षेप मला बोचतो, कारण तो खरा आहे. बाईला घराबाहेर पडायला दळणाचा बहाणा लागतो, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे. पण बहाणा काढून घ्यायच्या आधी बाहेर पडायची मोकळीक द्यायला हवी. आम्ही एवढे केले, की डबा आता भाऊ मोटारसायकलवरून पोचवितो आणि आई मागून मोकळ्या हातांनी चालत जाते. पहिल्या दिवशी भाऊ लाजला. दुसऱ्या दिवशी गिरणीवर आणखी दोन पोरे डबे घेऊन आलेली होती.

तिसरा आक्षेप माझा मलाच आहे. दळणारी, वाटणारी नेहमी बाईच का, हा प्रश्न मी या लेखात टाळला आहे. सुटीत मिक्सर मी लावत होते, तेव्हा भाऊ शेजारी बसून यंत्र कसे चालवावे हे मला सांगत होता. त्यावर पुढच्या वर्षीच्या अंकात लिहीन.

सांगलीला परत आल्यावर काकूंना सगळे सांगितले. त्या हसल्या, हातयंत्र माझ्याकडे सरकविले आणि म्हणाल्या, "आज तू दळ. आवाज बदलला की थांब." मी डोळे मिटून दांडा फिरवू लागले. कानाने दळायला मला अजून जमत नाही. तीनदा लवकर थांबले.

वाचकहो, दिवाळी-पाडव्याला आपल्याही घरी एखादे यंत्र येईल. जाहिरातीतले वॅट आणि भांडी जरूर मोजा. पण त्याआधी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन एक प्रश्न विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. उत्तर लगेच येणार नाही, कारण तिला असे विचारले जाण्याची सवय नाही.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला